सासऱ्यांची किडनी, ॲसिडिटीचं औषध आणि ॲल्युमिनियम – शरीरात जाऊन हे नेमकं करतं काय?

रामबाग_आसावरी
सोमवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे वाचते पण लिहीत नाही, आज लिहायलाच बसले कारण डोक्यातून जात नाहीये. माझे सासरे ७४ वर्षांचे, चारेक वर्षांपासून किडनी कमजोर आहे, डायलिसिस अजून नाही पण क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा, किडनी थकली की वाढतो) ३ च्या वर असतं. गेल्या आठवड्यात दाखवायला नेलं तर डॉक्टरांनी औषधांची थैली टेबलावर रिकामी करायला लावली, एकेक पट्टी बघितली आणि शेवटी ती ॲसिडिटीची गुलाबी बाटली उचलून विचारलं, हे कोणी लिहून दिलं? कोणीच नाही, बाबा स्वतः मेडिकलवरून आणतात. दिवसातून तीनदा, जेवण झालं की दोन-दोन चमचे, सहा-सात महिने तरी झाले असतील. आणि वर अर्धा ग्लास लिंबू-पाणी, कारण त्या औषधाने तोंड खडू खाल्ल्यासारखं होतं म्हणतात. डॉक्टर एरवी इतके शांत, पण लिंबू-पाणी ऐकल्याबरोबर हातातलं पेन खाली ठेवलं त्यांनी.

म्हणाले यात ॲल्युमिनियम आहे, ह्यांची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि साठलेलं ॲल्युमिनियम शरीराची अँटिऑक्सिडंट सिस्टिम बिघडवतं. बाहेर एवढी गर्दी की पुढे विचारता आलं नाही. घरी येऊन बघते तर स्वयंपाकघरात सगळं ॲल्युमिनियमचंच, जर्मनचं भगोनं, हिंडालियमची कढई, आईंचा ३५ वर्षांचा कुकर, आतून खड्डे-खड्डे पडलेला. फॅमिली ग्रुपवर टाकलं तर वन्सं म्हणतात आजच्या आज सगळी भांडी काढून टाक, स्मृतिभ्रंश होतो, आणि दीर म्हणतात आपण सगळे ह्याच भांड्यांत वाढलो, काय झालं? मला दोन्ही पटत नाहीये. मी बँकेत आहे, सायन्स बारावीनंतर सुटलं. कोणी नीट समजावून सांगेल का, अँटिऑक्सिडंट म्हणजे फक्त ग्रीन टीच्या डब्यावर वाचलंय.


बायोकेम_स्नेहनगर
सोमवार, रात्री ११.३५

आसावरी, मी तीस वर्षं कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवलं, आता रिटायर आहे, सावकाश लिहिते.

आपण जो ऑक्सिजन घेतो त्यातला बहुतेक पेशींमध्ये नीट जळून पाणी होतो, पण थोडासा अर्धवट राहतो, त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. तो फार तापट, शेजारच्या कशालाही डसतो. म्हणून शरीराने त्याला आवरायला कायमची माणसं बसवली आहेत, हीच अँटिऑक्सिडंट सिस्टिम. लग्नघरातली भांडी घासायची जागा डोळ्यापुढे आण. पहिली बाई खरकटं काढते, म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम, हे १९६९ मध्ये सापडलं, ते सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. ते पण घातकच, पण जरा सावकाशीचं. मग दुसऱ्या दोघी, कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, त्याचं पाणी करतात. यातल्या शेवटच्या बाईच्या हातातलं फडकं म्हणजे ग्लुटाथायोन. प्रत्येक भांड्याला फडकं ओलं होतं, ते वाळवून परत हातात द्यायचं काम ग्लुटाथायोन रिडक्टेज करतं, आणि वाळायला लागणारं ऊन म्हणजे एनएडीपीएच नावाचा रेणू, जो पेशी साखरेतून वगैरे तयार करते. बाया कितीही कामसू असोत, ऊन गेलं की फडकी ओलीच राहतात.

आता ॲल्युमिनियम. गंमत म्हण किंवा कोडं म्हण, हा धातू स्वतः इलेक्ट्रॉनची देवघेव करतच नाही. लोखंड दोन रूपांत फिरतं, तांबं फिरतं, ॲल्युमिनियम शरीरात एकाच रूपात बसून असतं. मग ऑक्सिडेशन वाढतं कसं? एक तर ते सुपरऑक्साइडला धरून ठेवतं आणि जास्त आक्रमक करतं. दुसरं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते लोखंडाच्या घरात घुसतं. रक्तात लोखंड वाहून नेणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन आहे, त्याच्या साधारण एक तृतीयांश जागाच लोखंडाने भरलेल्या असतात, बाकी रिकाम्या, तिथे ॲल्युमिनियम आरामात बसतं आणि रक्तातलं बहुतेक ॲल्युमिनियम असंच फिरतं. पेशींमधला लोखंडाचा हिशोब त्याने बिघडतो, मोकळं लोखंड वाढतं, आणि मोकळं लोखंड हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा फारच तापट रेणू तयार होतो, ज्याला आवरणारं एन्झाइम शरीराकडे नाहीच. तिसरं, पेशीच्या पडद्यावर फॉस्फेट असतात, ॲल्युमिनियमला फॉस्फेट फार आवडतं, तिथे चिकटून ते पडद्यातली चरबी अशी घट्ट लावतं की एका ठिकाणी लागलेली आग शेजारी पटकन पसरते. आणि चौथं, एनएडीपीएच बनवणाऱ्या एन्झाइमांवर पण त्याचा दाब येतो असं दिसलंय, म्हणजे ऊनच कमी. म्हणून ॲल्युमिनियम दिलेल्या उंदरांच्या मेंदूत आणि लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन उतरलेलं आणि चरबी जळाल्याची खूण म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड वाढलेलं असं पुन्हा पुन्हा सापडतं. मेंदूला जास्त लागतं कारण तिथे चरबी भरपूर, ऑक्सिजनचा खप भरपूर आणि कॅटलेज कमी.

तुझे डॉक्टर बरोबर बोलले. भांड्यांचं उद्या लिहिते, डोळे दुखतात रात्री.


पलासिया_निखिल
मंगळवार, सकाळी ८.१०

काकू, फडक्याचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. पण एक प्रश्न, हे सगळं उंदरांमध्ये ना? मी फार्मा म्हणजे औषध कंपनीत आहे, अशा पेपरांत डोस बघितला की पहिले हिशोब करतो. बऱ्याच ठिकाणी दिवसाला किलोमागे १०० मिग्रॅ ॲल्युमिनियम क्लोराइड देतात. त्यात ॲल्युमिनियम साधारण २० टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सरळ गुणाकार केला तर रोज १२०० मिग्रॅ झालं. आपल्या जेवणातून दिवसाला काही मिग्रॅ जातं, फार तर दहा-बारा. त्यामुळे उंदीर बघून भांडी फेकणं मला पटत नाही.

पण मग मी बाबांच्या बाटलीचा हिशोब केला आणि गप्प झालो. ५ मिलीत २५० मिग्रॅ ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड हे नेहमीचं प्रमाण आहे, म्हणजे शुद्ध धातू एका चमच्यात ६० ते ८५ मिग्रॅ धरा. ते दिवसाला सहा चमचे घेत होते, म्हणजे ३५० च्या वर. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २००८ मध्ये आठवड्याला किलोमागे १ मिग्रॅ अशी मर्यादा सांगितली, ६० किलोला आठवड्याचे ६० मिग्रॅ. नंतर २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न संघटना) यांच्या समितीने स्वतःची मर्यादा २ मिग्रॅ ठेवली. म्हणजे बाबांचा एक चमचाच युरोपच्या आठवडाभराच्या मर्यादेला पोचत होता. उंदराचा डोस फार लांबचा वाटत होता तो तितका लांब राहिला नाही.

ज्यांची किडनी चांगली आहे त्यांनी घाबरू नका हां. पोटातून हजारात एक ते तीन भाग एवढंच आत शिरतं, बाकी शौचातून बाहेर, आणि जे शिरतं ते किडनी काढून टाकते. पण लिंबात सायट्रेट असतं, ते ॲल्युमिनियमला धरून आतड्याच्या भिंतीतून पार करवतं, आत शिरण्याचं प्रमाण बरंच वाढतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं ते म्हणूनच. संत्र्याचा रस, विरघळणारी सायट्रेटवाली पावडर, सगळ्याला हेच लागू.


डायलिसिस_टेक्निशियन_इंदौर
मंगळवार, दुपारी ३.२०

ताई, मी ११ वर्षं डायलिसिस युनिटला आहे म्हणून लिहून राहिलोय. निखिलभाऊंनी उंदराचं विचारलं, तर माणसात झालेलं आहे, आणि आमच्याच कामात झालेलं आहे. १९७० च्या दशकात परदेशात डायलिसिसचे पेशंट बोलताना अडखळायचे, झटके यायचे, बुद्धी जायची, हाडं ठिसूळ व्हायची, आणि ॲनिमिया असा की लोखंड देऊन पण हलायचा नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या आल्फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या पेशंटच्या मेंदूत ॲल्युमिनियम खूप वाढलेलं होतं. कुठून आलं, तर फॉस्फेट कमी करायला दिलेल्या ॲल्युमिनियमच्या गोळ्या आणि डायलिसिसचं पाणी, दोन्हीकडून.

पाण्याचं समजून घ्या. एका मिनिटाला ५०० मिली पाणी फिरतं, चार तासांत १२० लिटर, आणि ते पोटातून जात नाही, पातळ पडद्याच्या पलीकडे थेट रक्त असतं. पोट जी हजारातली नऊशे सत्त्याण्णव अडवतं ती अडवणारं इथे कोणीच नाही. आपल्याकडे इंदौरला नर्मदेचं पाणी जलूदच्या प्लँटमधून साफ होऊन येतं, पावसाळ्यात गढूळ पाण्याला गाळ बसवायला तुरटी जास्त लागते, आणि तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमच. पिण्याला ते चालतं, भारतीय मानकात लिटरला ०.०३ मिग्रॅ योग्य आणि दुसरा पर्याय नसेल तर ०.२ पर्यंत चालवून घेतात. पण डायलिसिसच्या पाण्याला ०.०१ च्या वर नको, म्हणून आमच्याकडे आरओ प्लँट असतो. मी रोज सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी त्या खोलीत जाऊन मीटर बघतो, नोंद करतो, मेम्ब्रेन खराब झाली की आकडा लगेच चढतो. कोणी म्हणालं काय रोज रोज, तर मी ऐकत नाही, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला ते तपासता येत नाही ना.

ब्लड टेस्ट करायची असेल तर आधी लॅबला विचारा की ट्रेस एलिमेंटची गडद निळ्या झाकणाची ट्यूब आहे का. साध्या ट्यूबमध्ये घेतलं तर ट्यूबमधलंच ॲल्युमिनियम सँपलमध्ये येतं आणि उगाच घाबरायला होतं.


कसेरा_बाजारची_लेक
मंगळवार, रात्री ९.४५

भांड्यांबद्दल मी सांगते, माहेरचं दुकान आहे, लहानपण तराजूशेजारी गेलंय.

ॲल्युमिनियमवर हवेने एक पातळ थर आपोआप बसतो, तोच त्याचं चिलखत. आंबट खूप झालं किंवा सोडा पडला की तो थर विरघळतो. चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार, कोकम, कढी, आणि दुसऱ्या बाजूला सोडा टाकून शिजवलेले छोले, ही त्याच्यासाठी नाहीत. मीठ घालून रात्रभर ठेवलं तर टोचे पडतात, तुमच्या आईंच्या कुकरला खड्डे त्यातूनच आले असणार. आणि तारेच्या काथ्याने किंवा राखेने खसाखसा घासून चकाकवायची जी सवय आहे ना, त्याने दर वेळी चिलखत निघतं. कुकर आतून काळपट झाला म्हणून बाया पाण्यात लिंबाचं साल टाकतात, ते काळं म्हणजे बसलेला थरच असतो, लिंबू तो खातं म्हणून कुकर पांढरा दिसतो. पाणी बाहेरच्या बाजूला राहतं आणि जेवण आतल्या डब्यात, म्हणून चालून जातं, पण त्याच कुकरमध्ये थेट सांबार करू नका.

हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यात तोच थर मुद्दाम जाड केलेला असतो, ते बरं. स्टीलचं सगळ्यात निर्धास्त. पितळ घ्यायचं तर कल्हई केलेलं.

पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. भंगार वितळवून ओतलेली भांडी, जाड, खडबडीत, वजनावर विकतात, त्यात काय काय मिसळलेलं असतं देवाला ठाऊक. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध खातं) हिंडालियमच्या काही आयात भांड्यांतून शिसं सुटतं असा इशारा दिला. शिशाचं काकूंनी सांगावं.


बायोकेम_स्नेहनगर
बुधवार, सकाळी ७.३०

शिसं म्हणजे वाईटच. ग्लुटाथायोनमध्ये जो गंधकाचा भाग असतो ना, ज्यावर त्याचं सगळं काम चालतं, शिसं थेट त्यालाच जाऊन धरतं. शिवाय रक्त बनवणारं एक एन्झाइम बंद पाडतं. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. म्हणून घरात कोणतं भांडं आधी काढायचं असं विचारलं तर मी म्हणेन बाजारातून वजनावर घेतलेली नाव-गाव नसलेली ओतीव कढई, कुकर नंतर.

आणि स्मृतिभ्रंशाचं. १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचं संयुग टोचल्यावर चेतापेशींत गुंते दिसले, तिथून ही गोष्ट सुरू झाली. पण ते गुंते अल्झायमरच्या गुंत्यांहून वेगळ्या धाग्यांचे निघाले. भांड्यांमुळे अल्झायमर होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. वन्संना सांग, घाबरायची गोष्ट ती नाही, बाबांच्या थैलीत होती ती आहे.


मकरपुरा_वेल्डर_बडोदा
बुधवार, रात्री १०.१५

मी बडोद्याला आहे, मकरपुरा जीआयडीसीत, ॲल्युमिनियमचं मिग-टिग वेल्डिंग करतो, मूळचे आम्ही दांडिया बाजारचे. आमचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. आम्ही ते खात नाही, श्वासातून घेतो. फुफ्फुसात बारीक धूर बसला की तिथून हळूहळू रक्तात जात राहतो, सुट्टी घेतली तरी लघवीत बरेच दिवस येत राहतो. आणि ॲल्युमिनियमच्या आर्कने हवेतला ऑक्सिजन ओझोन होतो, तोंडाला धातूची चव, घशात खवखव, ती ओझोनची. म्हणजे एकीकडे ओझोन स्वतःच जाळतो आणि दुसरीकडे काकू म्हणतात तशी फडकी ओली. मागच्या जागी एक्झॉस्ट बंद होता, सांगून सांगून थकलो, उन्हाळ्यात पत्र्याखाली आठ तास. तीन महिने खोकला होता मग नोकरी सोडली. आता जिथे आहे तिथे खेचणारं नळकांडं टॉर्चजवळ असतं आणि चांगला मास्क देतात. नवीन पोरं मास्क काढून ठेवतात गरम होतं म्हणून, मी त्यांना परत लावायला लावतो.


देवासनाका_शुभांगी
गुरुवार, दुपारी १.००

माफ करा, एक शंका. आम्ही वर्षाचा गहू भरतो, त्यात ज्या गोळ्या ठेवतात त्या पण ॲल्युमिनियमच्याच ना? मग त्या गव्हातून आपण तेच खातो का?


बायोकेम_स्नेहनगर
गुरुवार, दुपारी ४.४०

शुभांगी, ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड, आणि त्यात मारतं ते ॲल्युमिनियम नाही, ओल लागून सुटणारा फॉस्फीन वायू. तो पेशीचा श्वासच बंद करतो आणि कॅटलेज पण. घरात ठेवायला त्यांची परवानगीच नाही, कोणी दुकानदार हळूच देत असेल तरी घेऊ नको. लोक कोठी झोपायच्या खोलीत ठेवतात आणि रात्रीत सगळं घर संपल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. असतील तर हात लावू नको, खिडक्या-दारं उघड, सगळ्यांना घेऊन बाहेर पड आणि जाणकार माणसाला बोलव. गहू कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या कोठीत भरायचा, आमच्या घरी तर कडुनिंबाचा पाला घालून आई भरायची.


नवलखा_आरोग्य
गुरुवार, रात्री ९.००

मग अँटिऑक्सिडंट कमी होतात तर बाहेरून द्यायचे ना, व्हिटॅमिन सी हजाराची गोळी, हळदीच्या कॅप्सूल, आवळ्याचा ज्यूस, माझे मामा घेतात.


पलासिया_निखिल
गुरुवार, रात्री ९.४०

दादा, आसावरीताईंच्या बाबांना प्लीज नको. व्हिटॅमिन ई, हळदीतलं कर्क्युमिन, मेलाटोनिन, सेलेनियम, यांनी उंदरांत ग्लुटाथायोन सावरतं हे खरं आहे, पण ते उंदीर आणि ह्यांची किडनी यात फरक आहे. व्हिटॅमिन सी जास्त घेतलं की शरीरात ऑक्झलेट बनतं, कमजोर किडनीत तेच साठतं. हळदीच्या कॅप्सूलमध्ये पण ऑक्झलेट. ज्यूसमध्ये पोटॅशियम, आणि आवळा आंबट. वरणात चिमूटभर हळद घाला, तेवढी पुरे. फडकी वाळत नसतील तर आधी पाणी सांडणं थांबवायचं, नवी फडकी आणून काय होणार.


रामबाग_आसावरी
१९ दिवसांनी, रविवार, सकाळी ११.२०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काकू, तुमचं मी प्रिंट काढून बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि फडक्याशी आल्यावर म्हणाले म्हणजे मीच रोज बादली उपडी करत होतो. लिंबू-पाणी बंद, बाटली बंद, डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली आहे. ब्लड टेस्ट निळ्या ट्यूबमध्येच झाली, पहिल्या लॅबने साध्या ट्यूबमध्ये घेतो म्हटलं तर मी उठून आले. रिपोर्ट यायचा आहे. कुकर आईंनी स्वतः काढून दिला, पण आधी पदराने पुसला. लग्नानंतरचा पहिला कुकर, त्यांनी त्यात अख्ख्या घराला जेवू घातलंय. कपाटात वर ठेवला मी.

काल संध्याकाळी बाबा औषधांचा ड्रॉवर घेऊन बसले, भिंग लावून एकेक लेबल मोठ्याने वाचत होते, मी लिहून घेत होते. खाली मागच्या वर्षीची एक अर्धी बाटली निघाली, पोटात अल्सरसारखं दुखलं होतं तेव्हा दिलेली, आणि बाबा म्हणतात ही तर अधूनमधून मी अजून घेतो. लेबलवर सुक्रालफेट लिहिलंय. ॲल्युमिनियम हा शब्द मोठ्या अक्षरांत नाहीये. यात पण असतं का?


पलासिया_निखिल
रविवार, सकाळी ११.३५

ताई हो, असतं. सुक्रालफेट म्हणजे साखर, सल्फेट आणि ॲल्युमिनियम यांचं एकत्र संयुग, एक ग्रॅममध्ये सुमारे २०० मिग्रॅ ॲल्युमिनियम. आजपासून देऊ नका, फोटो काढून लगेच डॉक्टरांना पाठवा, आणि किती दिवस घेतलं ते पण लिहा, रिपोर्ट वाचताना त्यांना लागेल.


रामबाग_आसावरी
रविवार, दुपारी १२.५०

पाठवला. डॉक्टरांचा फोन आला, बंद करायला सांगितलं आणि उद्या परत थैली घेऊन बोलावलंय. बाबा आता बाथरूमच्या कपाटातल्या बाटल्या आणायला गेलेत.